सुंदररावांच्या गळ्यातलं सूर्यफूल

बीडजवळच्या पालीच्या सुंदररावांना ऐकू येत नाही, हे उभ्या पालीला माहीत होतं. कबूल नव्हतं ते एकट्या सुंदररावांना. त्यांची युक्ती साधी होती: समोरच्याला बोलूच द्यायचं नाही. तोंड उघडलं की बिंदुसरा धरणाचा सांडवा सुटल्यागत सुरू. जो बोलतोय त्याला ऐकायची गरज कुठं पडते? त्यात दहा वर्षं सरपंच राहिलेला माणूस. लोक म्हणायचे, "पुढारी हाय, ऐकून कशाला घेईल?"

वच्छलाबाई मात्र शेजारणीला सांगायच्या, "चहा टाकू का इचारलं, तर म्हणत्यात, 'व्हय, भगवानराव चोरच हाय!'"

भगवानराव म्हणजे गेल्या ग्रामपंचायतीला सुंदररावांना अकरा मतांनी पाडणारा. त्याच्या पॅनलचं चिन्ह होतं सूर्यफूल. निकाल लागला त्या दिवशी सुंदररावांनी घरातलं सूर्यफुलाचं तेल बंद केलं. भजी करडईच्या तेलात तळायची, असं फर्मान काढलं, आणि बीडच्या कोर्टात दावा ठोकला.

त्या दाव्यानंच घोळ केला. धाकटी लेक तेजश्री चेन्नईला प्रशिक्षण संपवून फौजेत अधिकारी होणार होती. संचलन झालं की आईबाप लेकराच्या खांद्यावर तारे लावतात, एका खांद्याला आई, एका खांद्याला बाप. वच्छलाबाई थोरल्या लेकाबरोबर रेल्वेनं पुढं गेल्या. सुंदरराव तारखेसाठी मागं राहिले, आणि तारखेला त्यांना मिळाली पुढची तारीख. आता रेल्वेनं पोचणं शक्य नव्हतं. शेवटी तेजश्रीनं हैदराबादहून दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. बीडच्या स्टँडवरून एसटीनं हैदराबाद, तिथून विमान, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संचलन. विमान चुकलं तर पोरीच्या एका खांद्याला बाप नाही. म्हणून तिकीट काढताना पोरीनं बापाला न विचारता एक गोष्ट नोंदवली: प्रवाशाला ऐकू येत नाही, मदत लागेल.

विमानतळावर मदतीच्या टेबलामागं चाळिशीतली एक हैदराबादी बाई होती. तिनं हसून एक हिरवी पट्टी पुढं केली, गळ्यात घालायची. पट्टीवर पिवळीधमक सूर्यफुलं.

सुंदरराव दोन पावलं मागं सरले.

"भगवानराव हितवर पोचला का काय?"

बाईनं समजावून सांगितलं. सुंदररावांनी सवयीप्रमाणे मान डोलावली, त्यातला एकही शब्द कानात गेला नव्हता. पट्टी मुडपून कोटाच्या खिशात कोंबली आणि तरातरा निघाले.

खरं तर ती पट्टी ज्यानं काढली तो लई शहाणा माणूस. पाय गेला तर कुबडी दिसते. कान गेला, फिट येते, गर्दीत एखाद्याचं डोकं भणभणतं, हे कुणाला दिसतं? आपल्याकडं अशा माणसाला ढोंगी म्हणतात, आणि सर्टिफिकीट मागायला गेला की दहा खिडक्या हिंडवतात. विमानतळावर ही पट्टी बघितली की कर्मचारी आपण होऊन जवळ येतात. एवढाच तिचा अर्थ. पण अकरा मतांनी पडलेल्या माणसाला फुलाचा दुसरा अर्थ कोण सांगणार?

गेटपाशी सुंदररावांनी शेजारच्या प्रवाशाला निवडणूक सांगायला घेतली. वॉर्ड क्रमांक एकपासून. तो मधेच उठून गेला. सुंदररावांना त्याचं काही वाटलं नाही; पालीतही वॉर्ड तीनच्या पुढं कुणी टिकत नसे. दुसरा प्रवासी धरला, तोही उठला. मग समोरची अख्खी रांग उठली.

"सत्य पचत न्हाई लोकांला," सुंदरराव पुटपुटले.

सत्य एवढंच होतं, की गेट बदलल्याचं दोनदा पुकारून झालं होतं.

आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या उरल्या तेव्हा ते भानावर आले. मोबाइल काढला. तेजश्रीचा मेसेज येऊन पडला होता: "आबा, सूर्यफुलाची पट्टी दिली का? गळ्यात घालाच. ती घातली नाही तर तुम्हाला ऐकू येत नाही हे तिथं कुणाला कळणार?"

सुंदररावांनी तो तीनदा वाचला. पोरीला ठाऊक होतं तर! त्यांनी खिशातली पट्टी काढली. बीडकडचं कुणी बघत नाही ना, म्हणून चौफेर नजर फिरवली आणि विष प्यावं तशी ती गळ्यात घातली.

दोन मिनिटं गेली नसतील. लांबून टेबलावरची ती बाईच पळत आली. पिवळं फूल तिला गर्दीतून दिसलं होतं. या खेपेला ती समोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवत बोलली, "चाचा, कब से ढूंढ रई मैं आपकू! गेट बदल गया!"

सुंदररावांनी कानाला हात लावला.

"मेरेकू सुनाई नई देता."

साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही दखनीत. मराठीत हे म्हणायला जीभ अजून वळत नव्हती. बाईनं त्यांना बॅटरीच्या गाडीत बसवलं आणि दार लागायच्या आत विमानात पोचवलं.

सकाळी चेन्नईत तेजश्रीच्या एका खांद्याला वच्छलाबाईंनी तारा लावला, दुसऱ्या खांद्याला सुंदररावांनी. तारा सरळ बसला. थोरल्यानं फोटो काढून लगेच गावच्या ग्रुपवर टाकला. गळ्यातली पट्टी काढायची कुणाच्याच ध्यानात राहिली नव्हती.

फोटोत तारा होता, कडक गणवेशातली लेक होती. पालीला दिसलं फक्त सूर्यफूल.

"आबा फुटले!" हनुमाननं लिहिलं. हा सुंदररावांचाच पोलिंग एजंट. खाली खुद्द भगवानरावांनी हात जोडल्याची चित्रं टाकली: "सुंदरराव, आमच्या पॅनलमध्ये स्वागत. दावा कधी मागं घेता?"

सुंदररावांचं तोंड लालबुंद झालं.

"फुलाचं काय ते सांगून टाका," वच्छलाबाई त्यांच्या तोंडापुढं येऊन म्हणाल्या, "न्हाईतर गप बसा."

गप बसणं तर जमणारच नव्हतं. फुटला म्हणवून घ्यायचं, की बहिरा? सुंदररावांनी मोबाइल हातात घेतला. मग एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, सगळ्या पालीला मराठीत कळवलं:

"फुटलो न्हाई. बहिरा हाय. दावा चालूच राहील."