साहेबांचे पक्षी

वहिनीने कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हसले ती मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मला तोंड राहील.

माझी वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्स-रे काढते. सव्वीस वर्षं झाली. "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका," हे दिवसातून साठ-सत्तर वेळा. तिथले लोक पाठीमागे तिला 'हलूनका बाई' म्हणतात आणि तिला ते पक्कं माहीत आहे. घरीही कुणी चुळबुळ केली की तिच्या तोंडून तेच निघतं. मग दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घास हातात धरून पुतळ्यासारखा बसतो आणि विचारतो, "सोडू का आता श्वास?"

तर ही बाई एका रविवारी कपबशा पुसता पुसता मला म्हणाली, "वन्सं, मी कॅमेरा घेणार आहे. खराखुरा. डीएसएलआर."

"अगंबाई! माणसं आतून बघून कंटाळलीस वाटतं? की आता लग्नाच्या ऑर्डरी घेणार आहेस?"

तीही हसली. पुसलेली कपबशी तिने पुन्हा एकदा पुसली आणि विषय बदलला. बावन्न वर्षांच्या बाईला तेवढं पुरतं. नंतर सहा महिने माझ्यापुढे ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

पण त्या सहा महिन्यांत तिने पाठकोऱ्या कागदांवर, आमच्यापैकी कुणाला न दाखवता, अभ्यास केला होता. पेशंटना उचलून सरकवून तिचं मनगट कायमचं दुखरं झालेलं, म्हणून कॅमेरा हवा होता दुकानातला सगळ्यात हलका. आणि त्यावर पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, छोटी लेन्स. ती जवळ आणत नाही, लांब नेत नाही, पण अंधाऱ्या खोलीतला असेल नसेल तेवढा उजेड गोळा करते. फोनने काढलेले तिचे फोटो उजेडाअभावी रवाळ यायचे. काय हवं, का हवं, सगळं तिला पाठ होतं.

दुकानात शिरल्यावर दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, "कुणासाठी बघताय, ताई?"

आणि वहिनी म्हणाली, "आमच्या यांच्यासाठी."

का म्हणाली, ते मला विचारू नका. शेजारी दोन कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या एवढंच तिने मला नंतर सांगितलं. मला माझं हसू आठवलं.

"मग साहेबांनाच घेऊन या," दुकानदार म्हणाला. "कॅमेरा ज्याचा त्याच्या हातात बसायला हवा."

झालं. शनिवारी दादाला इस्त्रीचा शर्ट घालून नेण्यात आलं. "मी काय करायचं तिथे?" त्याने वाटेत विचारलं. "काही नाही, हातात धरून बघायचा फक्त," वहिनी म्हणाली.

दादाचा पंजा म्हणजे फावडं. हलका कॅमेरा त्यात काडेपेटीसारखा दिसला. दुकानदाराने तो काढून घेतला आणि एक दांडगा, बटणांनी भरलेला कॅमेरा दिला. "हा बघा कसा बसला! आणि साहेब, काय काढणार आपण? लेन्स त्यावर ठरेल."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी काउंटरच्या काचेतल्या बॅगांकडे बघत होती.

"पक्षी," दादा म्हणाला.

या माणसाला कावळा आणि कबुतर सोडलं तर तिसरा पक्षी ओळखता येत नाही. पण दुकानदाराची कळी खुलली. कोपरभर लांबीची लेन्स आली, तिची पिशवी आली, झाडाझुडपांत कसं उभं राहायचं यावर पाच मिनिटं प्रवचन झालं. पन्नासची लेन्स मागच्या कपाटात होती. वहिनीला तिचा खोकासुद्धा दिसत होता. दुकानदार दोनदा तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनींना कळत नसेल हे, कंटाळल्या त्या," आणि ती दोन्ही वेळा हसली.

सोमवारी ती तो जामानिमा घेऊन कामावर गेली. पेशंटनी कपडे बदलायची खोली असते ना, जेमतेम चार पावलांची, तिथे तिला फोटो काढायचा होता. लेन्स इतकी लांबची की जवळची वस्तू तिला दिसेचना. वहिनी मागे सरकत सरकत भिंतीला टेकली, तरी फोटो निघेना. बाहेरून कुणीतरी विचारलं, "बाई, आत काय करताय?" तिने कॅमेरा टॉवेलखाली लपवला.

घरी आल्यावर ती दादावरच भडकली. "पक्षी कशाला म्हणालात? दुसरं काही सुचलं नाही?"

दादा म्हणाला, "मला वाटलं, पक्षी म्हटल्यावर तुला हसू आवरणार नाही आणि तू खरं काय ते बोलशील. तू बॅगा बघत बसलीस. मग मी काय बोलणार?"

त्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

आठ दिवसांत वस्तू बदलून मिळणार होती. सातव्या दिवशी तिचा मला फोन आला. "वन्सं, माझ्याबरोबर दुकानात याल का? यांना नाही न्यायचं. तुम्ही या." पहिली हसणारी बाईच तिला सोबत हवी होती. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुकानदाराने पिशवी पाहताच विचारलं, "साहेब नाही आले? पक्षी पळाले की काय?"

वहिनीचे कान लाल झाले. तिने पिशवी काउंटरवर ठेवली. "साहेबांचा नाहीये. माझा आहे. मी खोटं बोलले. मला तो हलका हवाय, आणि मागच्या कपाटातली पन्नासची." एका श्वासात. माझी मान खाली.

"अहो ताई, मग आधी सांगायचं!" तो जराही न हलता म्हणाला. "आणि काय काढणार?"

तिने फोन पुढे केला. एक्स-रेच्या आधी माणसं अंगावरचं जे जे काढून ठेवतात, त्याचा स्टीलचा ट्रे. ज्याचं त्याला विचारून काढलेले चार वर्षांचे फोटो. कमरेचा पट्टा आणि कवळी. कानातलं यंत्र. तीन पदरी साखळी, तिला लावलेली सेफ्टीपिन. दुकानदार बोलायचा थांबला आणि बोटाने एकेक सरकवत राहिला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. वहिनी कशाचे फोटो काढते, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

मग एक चष्मा आला. डावी दांडी निळ्या दोऱ्याने बांधलेली.

आईचा. शेवटच्या आजारपणात छातीचा एक्स-रे काढला तेव्हाचा. "पुढच्या रविवारी नेते दुरुस्तीला," असं मी आईला तीन महिने म्हणत होते. तो दोरा मीच बांधला होता, तेवढ्यापुरता.

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा फोटो सरकवला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुकानदाराने हलक्या कॅमेऱ्यावर छोटी लेन्स बसवून तिच्या हातात दिली. तिने दुखरं मनगट फिरवून पाहिलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे वळवला.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हलले नाही. पण वर बघणं काही मला जमलं नाही. त्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो तो आहे, आणि त्यात माझा भांग तेवढा स्पष्ट आलाय.