मावशींनी उद्याचं विचारलं होतं

मी सारोळ्याची, म्हणजे पूर्वेकडच्या कोरड्या भागातली. वेल्ह्याकडच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी एकट्या राहणाऱ्या मावशींच्या घरी खोली घेतली. त्यांचं भाताचं एकच खाचर होतं आणि वर्षभराचं खाणं त्यातलंच.

तिथलं माझं चौथं वर्ष होतं, नोव्हेंबर लागला होता. त्या दिवशी वर्गात मी हवा आणि हवामान यांतला फरक शिकवला. हवा म्हणजे आजची, या घडीची. हवामान म्हणजे कितीतरी वर्षांची सरासरी. समुद्रापासूनचं अंतर, उंची, वारा अडवणारा डोंगर, सगळं फळ्यावर काढलं. तास छान रंगला आणि मी जरा फुगूनच घरी आले.

मावशी ओसरीवर बसून डोंगराकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी कापणीला शेजारच्या बाया येणार होत्या. कापलेलं भात इकडे दोन-तीन दिवस खाचरातच पसरून वाळवतात, मगच झोडतात. त्यांचा धीर होत नव्हता.

"बाई, माथ्याला ढग बसल्यात, उकडतंय बी लई. कापू का थांबू? तुमी शिकल्याल्या, तुमीच सांगा."

मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नोव्हेंबरात पाऊस परतलेला असतो, वारे फिरलेले असतात, असं सगळं ऐकवलं आणि खुशाल कापा म्हणाले. त्यांनी उद्याचं विचारलं होतं, मी सरासरी सांगितली. जो फरक सकाळी मुलांकडून घोकून घेतला, तो संध्याकाळी मलाच आठवला नाही. अजून स्वतःची चीड येते.

कापणी झाली त्याच दुपारी पाऊस आला आणि तीन दिवस हलला नाही. आडवं पडलेलं भात पाण्यात राहिलं, लोंब्यांना कोंब फुटले. उभं असतं तर बरंच वाचलं असतं, असं शेजारणी म्हणत. त्यावर मावशींचं एकच उत्तर असायचं, "माझीच घाई नडली." मी तिथेच उभी असायचे आणि तोंड उघडायचे नाही. गावात बाईंचा मान जाईल, याची भीती होती, दुसरं काही नाही.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी मी घरी निघाले, तेव्हा त्यांनी दरवर्षीसारखी नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. तांदूळ पांढरा, अख्खा होता. थोडं तरी वाचलं म्हणून मला हायसं वाटलं. बाटलीत पाणी भरायला आत गेले, तर चुलीपाशी सुपात उरलेला तांदूळ होता, काळपट, तुटका, कुबट वासाचा. त्यांच्या ताटातही त्याचाच भात होता. एकेक दाणा निवडून त्यांनी माझी पिशवी भरली होती.

"आईला म्हणावं, नवा हाय, पानी कमी घाला," एवढंच त्या बोलल्या.

रविवारी आईने तो भात केला. वास घरभर सुटला. मावशींचं यंदा चांगलं पिकलेलं दिसतंय, असं म्हणत तिने पुन्हा वाढायला घेतला. नको म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. मी हो म्हटलं आणि ताट पुढे केलं.