मामांची सहा हात वाट

आमच्या सौभाग्यवतींचे मामा रागावतात असं म्हणणं चूक आहे. ते रागात राहतात, जसे इतर लोक भोरला किंवा वेल्ह्याला राहतात. इतका अखंड आणि इतका निःस्वार्थ राग मी दुसऱ्या कुणापाशी पाहिलेला नाही. सकाळची एसटी उशिरा आली तर ते कंडक्टरला झापतात आणि वेळेवर आली तर “आज डेपोत कोण मेलं का काय?” असं विचारतात. पाहुण्याला वाढतात तेही भांडल्यासारखं. “खा की! का आमचा इंद्रायणी पुण्याच्या पिशवीत भरल्यावरच गोड लागतो तुमास्नी?” म्हणत ताटात तिसऱ्यांदा भात लोटतात, आणि आपण उठायला लागलो की नव्याने भडकतात. देवळात हात जोडून उभे असले तरी लांबून पाहणाऱ्याला वाटावं, देवाला समज दिली जात आहे.

अशा माणसाच्या शेताला लागून, मार्गासनीच्या पुढच्या माळावर, एक विद्यापीठ आलं. आधी दोन इमारती होत्या. मग येत्या तीस वर्षांत विद्यापीठ आणि शेजारची गावं हातात हात घालून कशी वाढतील, याचा आराखडा निघाला. गुळगुळीत कागदाचा ग्रंथ होता, उशाला घेता येईल एवढा जाड. त्यातल्या चित्रांत कारंजी होती, सायकली होत्या, हिरवळीवर हसणारी माणसं होती. एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती. गाव शेवटच्या पानावर करड्या रंगात होतं आणि त्यावर ‘परिसर’ असं लिहिलं होतं. मी भोरच्या कॉलेजात मराठी शिकवलेलं, म्हणजे इतिवृत्त तरी नीट लिहीन, या हिशेबाने मला शेजारगाव समन्वय समितीवर घेण्यात आलं. मीही लगेच गेलो. समितीचं पत्र आलं की आमच्यासारख्यांची पाठ आपोआप ताठ होते.

पहिल्या सभेत आधी कुलगुरूंचा सत्कार झाला, मग कुलगुरूंनी नियोजनकारांचा केला, आणि उरलेल्या नारळांची सोय म्हणून सरपंचांचा. त्यानंतर प्रत्येक ग्रामस्थाला एक पिवळी चिठ्ठी देऊन सांगण्यात आलं की आपली अपेक्षा लिहा आणि नकाशावर चिकटवा. मामा चिठ्ठी हातात धरून नकाशासमोर दहा मिनिटं उभे राहिले.

“सायेब, ह्यात वाट कुठं हाय?” त्यांनी तरुण नियोजनकाराला विचारलं.

“कुठली वाट, काका?”

“मेंढरांची.”

“आम्ही सगळा माळ ड्रोनने मोजलाय. तिथं वाट नाहीये.”

“कदी मोजला?”

“ऑगस्टमध्ये.”

“श्रावणात!” मामा सभागृहाकडे वळले. “आवो, श्रावणात तितं कंबरंएवढं गवत असतंय. आमचा बाप हुबा असता तरी घावला नसता तुमच्या डोरोनला!”

लोक हसले. नियोजनकारही हसला, त्याला वाटलं, ग्रामीण विनोद आहे. खरं तर मामा नुसती माहिती देत होते, आणि तो ती घेत नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडे मेंढरं नसतात, चिखलात त्यांचे खूर कुजतात. भात कापून झाला की ठकूबाई नावाची म्हातारी धनगरीण पुरंदरकडून कळप घेऊन येते. गावातले लोक आळीपाळीने ती मेंढरं आपापल्या खाचरात बसवतात, लेंडीखत मिळतं, आणि ठकूबाईला भात मिळतो. कळप येतो तो माळावरच्या वाटेनं. डांबरी रस्त्यावर विद्यापीठाच्याच बांधकामाचे डंपर धावतात. तिथून ठकूबाई एकदा कळप आणायला गेली तर चार कोकरं चाकाखाली गेली. म्हणजे माळाची वाट बंद झाली की ठकूबाईचं येणंच बंद.

मामा त्या दिवशी पाऊण तास बोलले. मी ते सगळं ‘काही सूचना आल्या’ या तीन शब्दांत बसवलं आणि खाली लिहिलं, ‘ग्रामस्थांनी आराखड्याचे स्वागत केले.’ समोर सँडविच होतं, तेही खाल्लं.

सुधारित आराखडा आला तेव्हा त्यात वाट होती. तिचं नाव ‘वारसा पायवाट’. फरशी, बाक, दिवे. दोन्ही टोकांना फाटक, नऊ ते पाच, नोंदवहीत सही आवश्यक, पाळीव प्राण्यांना मनाई. मी मामांना हे वाचून दाखवलं. 

“मेंढराची वाट आन मेंढरालाच बंदी,” ते म्हणाले. “जावईबापू, तुमी त्या खुर्चीवर बसून करताय काय? मेंढरांनी वळकपत्रं काढायची व्हय?”

या विद्यापीठातला एकही माणूस दुष्ट नाही, हेच मला सहन होत नाही. दुष्टाशी भांडता येतं. हे मान डोलावून ऐकतात, “फार मोलाची सूचना” म्हणतात, ती सूचना धुऊन, इस्त्री करून, नाव ठेवून परत देतात, आणि तेवढ्यात तिचा जीव गेलेला असतो. आणि इतिवृत्त लिहायला माझ्यासारखा एखादा सापडतोच.

विद्यापीठाची कुंपणभिंत दिवाळीआधी पुरी झाली आणि माळावरची वाट तिच्या आत गेली. भातकापणी झाल्यावर मी गेलो तेव्हा मामा कुदळ घेऊन स्वतःच्या खाचराचा बांध फोडत होते. याच बांधापायी त्यांनी सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता. भिंतीच्या कडेने सहा हात रुंद पट्टी त्यांनी मोकळी केली होती, पार रानाच्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक घावाबरोबर विद्यापीठ, सरकार, समिती आणि मी यांचा उद्धार चालला होता.

दुपारी ठकूबाई आली. ती पट्टीच्या तोंडाशी थबकली.

“दादा, पिकाचं रान वाटंला घातलंत की ओ.”

“तुज्या बापाचं घातलं का? हाक की! बघतीस काय?”

कळप आत शिरला. भिंतीला अंग घासत मेंढरं चालली, मागून ठकूबाई, काखेत एक लंगडं कोकरू. मामा पुढे पुढे होत तिच्या पायांतली ढेकळं बाजूला सारत होते, आणि ती बघतेय असं वाटलं की कोकराला शिव्या देत होते.

पट्टी सोडायचा मामांचा बेत मला घरी आधीच कळला होता. मला वाटलं, आता आपली बातमी सांगावी. “मामा, ही वाट मी नकाशात घालून घेतली. हिरवी रेघ आहे. ‘लोकसहभागातून पर्यायी मार्ग’ असं लिहिलंय.”

ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले.

“खोडाय सांगा ती. कागदावर आली का तिला दार बसतं.”

ती रेघ काढून टाकावी म्हणून मी समितीला पत्र लिहायला घेतलं आहे. मायना झाला आहे, विषयही झाला आहे. कारण काय द्यावं, ते मात्र आठवडाभर सुचत नाहीये.