तळहातावरचं पिल्लू

बायको लिव्हरच्या रोगानं गेली, अन् पोरीच्या रक्तातही तोच निघाला. पोरगी बुलढाण्याले बाळंत झाली त्या सकाळी मी वरवट बकालहून एसटीत बसलो. जावयाचा फोन आला, आईचा रोग लागू नये म्हणून डॉक्टर लेकराले आजच सुई द्या म्हणतात. मी म्हणालो, "पाचवीच्या आधी नाही!"

शेजारच्या सीटवरच्या पोरीनं ऐकलं, कशाची सुई ते विचारलं. मी रोग सांगितला तशी म्हणाली, "बाबा, मी याच रोगावर काम करते. उंदरांवर."

"उंदरांले होते हा रोग?"

"नाही. आम्ही लावतो."

"होत नाही त्याले लावता काऊन?"

"माणसाच्या लेकराले लावून पाहता येत नाही ना."

बोलताना तिनं डावा तळहात वाटीसारखा केला होता अन् त्यात काही नसताना अंगठ्यानं कुरवाळत होती. आमच्या घरी उंदीर दिसला की काठी शोधतो.

"मोठा उंदीर बहुधा रोग झटकून टाकते, बाबा. जन्मतःच लागला तर पिल्लाच्या अंगाले तो परका वाटतच नाही. मंग राह्यते."

म्हणजे बायकोनं तो तिच्या आईकडून आणला असंन? चाळीस वर्षं माह्या घरात नांदला अन् मले दिसला नाही? शिवी कोणाले देऊ, तेच समजेना.

खामगावले ती उतरली. नावही विचारलं नाही. मी जावयाले फोन लावला.

"सुई द्या, जावईबापू. आत्ताच."

"मामा, काऊन बदललं मन?"

"मले धड समजलं नाही. उंदराची गोष्ट आहे. आल्यावर सांगतो, पण सुई आधी."