दोन किलो तीनशे

नल्लकुंट्याच्या कुसुमताईंनी मलकपेठेतल्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून चौतीस वर्षं काढली. हजारो बाळं त्यांच्या हातून न्हाली. जी जगली नाहीत तीही त्यांनीच दुपट्यात गुंडाळली आणि मागच्या दाराने बापाच्या हाती दिली. आतून आई विचारायची, "एकदा दाखवा ना मला." त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नक्को बाई, बघू नका. माया लागते." तेव्हा सगळे असंच म्हणत, चांगल्या शिकलेल्या डॉक्टरीणबाईसुद्धा.

आता त्या बाहुल्या करतात, हुबेहूब तान्ह्या बाळासारख्या. सून शिल्पाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले आणि म्हातारीला नाद लागला. कोरे रबरी हात, पाय, डोकं मागवायचं, पातळ रंगाचे पंधरा-सोळा थर द्यायचे, प्रत्येक थर ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा. जावळ सुईने एकेक केस रोवून. "नातवंडं कमी पडली का, ताई?" म्हणून शेजारी हसले, हसून थकले. गिऱ्हाईक म्हणजे नर्सिंगचे वर्ग, नाहीतर शूटिंगवाले.

मग एक दिवस कौस्तुभ आला. मूळ पुण्याचा, इथे आयटीत. त्याची मुलगी एकच दिवस जगली होती. बायको, मृण्मयी, तेव्हा आयसीयूत बेशुद्ध. घरच्यांनी परस्पर सगळं उरकलं. त्याच्या फोनमध्ये मुलीचा एक फोटो होता, पण तो बघायचा मृण्मयीला धीर होत नव्हता.

"रोज एकच विचारते, केवढी जड होती रे? मी म्हणतो, दोन किलो तीनशे. आकडा ऐकून आणखी रडते. मावशी, तिला एकदा तेवढं ओझं हातात द्याल?"

कुसुमताईंना वाटलं, पोरगी या बाहुलीलाच कवटाळून बसली तर? आगीतून फुफाट्यात. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते मागचं दार डोळ्यांपुढून हलेना. त्या हो म्हणाल्या.

बाहुलीच्या कापडी धडात आणि डोक्यात काचेची बारीक वाळू भरली. काटा म्हणाला, दोन किलो तीनशे. हात म्हणाले, नाही. तान्ह्याचं डोकं जड असतं, मान ढिली असते. तीनदा उसवून पुन्हा शिवलं. चौथ्यांदा उचलताना त्यांचा डावा तळवा आपसूक मानेखाली गेला. तेव्हा कुठे त्यांनी सुई ठेवली.

दोघं यायच्या सकाळी त्यांनी बाहुलीला झबलं घातलं, जावळावरून हात फिरवला आणि काजळाचं बोट गालावर टेकवलं. मग भानावर आल्या. तीट! तीट लावायची ती जित्या लेकराला. चौतीस वर्षांच्या सवयीने घात केला. पुसायला फडकं शोधतात, तोवर मृण्मयी दारात उभी, मागे कौस्तुभ.

"चुकलं पोरी. हात सवयीने गेला गं."

मृण्मयीने बाहुली घेतली. तिचाही तळवा मानेखाली गेला. तिने विचारलं, "एवढी होती?"

"हौ. एवढीच."

ती उभ्याउभ्या हलकेच डोलू लागली. कुसुमताईंना राहवलं नाही. "मी लै आयांना त्यांची लेकरं दाखवली नाहीत," त्या म्हणाल्या. "बघू नका म्हणाले. पाप झालं माझ्या हातून."

मृण्मयीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ओढणीचं टोक ओलं केलं आणि गालावरची तीट सावकाश पुसून काढली. "हिला आता कुणाची नजर लागायची नाही, मावशी." बाहुली तिने त्यांच्या हातात परत दिली आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "फोटो दे."

कौस्तुभने फोन काढला, पण देईना. तो कुसुमताईंकडे बघत राहिला.

कुसुमताईंनी मृण्मयीला खाली बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसल्या. "बघ पोरी," त्या म्हणाल्या. "डोळे भरून बघ. माया लागू दे."