मिलिंदचं गळकं छत

किस्से काही आपण ठरवून गोळा करत नाही. एकानं घर घ्यायला काढलं, की बाकीच्यांकडे ते आपोआप साठतात. कुवेतमधल्या अबू हलीफातल्या आमच्या शुक्रवारच्या चहाला सध्या दुसरा विषयच नाही!

घर घेत होता मिलिंद. ठाण्यात, रीसेलचा फ्लॅट. इथलं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपणार, लेकीची ठाण्यात ॲडमिशन झालेली. आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं शेरा मारला, 'बेडरूमचं छत गळतंय. दुरुस्ती झाल्याशिवाय लोन नाही.' घरमालक म्हणाला, "महिनाअखेर रजिस्ट्रेशन करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे!"

मिलिंदचा जीव थाऱ्यावर राहीना.

*

शर्क भागातल्या ऑफिसात तो मोठ्या स्क्रीनवर काम दाखवत होता. मध्येच घरमालकानं पाठवलेला फोटो उघडला. लोंबणारं प्लास्टर, काळी बुरशी, खाली बादली!

मॅनेजरनं चष्मा सावरला. "मिलिंद, ही आपली सर्व्हर रूम आहे का?"

*

घरमालकानं घाईघाईनं रंगारी लावला. व्हॅल्युअर पुन्हा आला तेव्हा मिलिंद व्हिडिओ कॉलवर, उभ्यानंच. व्हॅल्युअरनं स्टुलावर चढून छताला हात लावला. पंजा पांढराफटक!

"ओल गेली म्हणत होतात ना?"

रंगारी म्हणाला, "साहेब, पाण्याची गेली. ही रंगाची!"

शेरा कायम.

*

मग मिलिंदच्या घरभर येरझाऱ्या. जेवताना उठायचा, फोन बघायचा, परत बसायचा. लेक ईरा वैतागली. "बाबा, रिलॅक्स! इट्स जस्ट अ सीलिंग!"

त्याची बायको शीतल कडाडली, "सीलिंग नाही, तुझी शाळा आहे ती!"

*

खरं दुखणं वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या सावंतकाकूंचं बाथरूम गळत होतं. काकू एकट्या राहतात, प्लंबरला दारात उभं करत नव्हत्या. शेवटी एका शुक्रवारी चहाला आमच्यातल्या सलीमभाईंनी काकूंचा नंबर मागून फोन लावला. त्यांचं इथं अम्गरा भागात बांधकामाच्या सामानाचं दुकान.

"काकू, मी श्रीवर्धनचा सलीम बोलतोय, कुवेतवरनं."

"श्रीवर्धन? अरे, माझं माहेर दिवेआगर!"

मग सुपारीच्या बागा निघाल्या, मासळी निघाली. आमचा चहा गार झाला. मिलिंद दाराशी नखं खात उभा. अखेर काकू म्हणाल्या, "पाठव प्लंबर. पण काम तू व्हिडिओवर बसून बघायचंस."

सलीमभाईंनी दुकान सोडून बघितलं. गळती थांबली, छत वाळलं, लोन मिळालं. मिलिंद ठाण्याला जाऊन रजिस्ट्रेशन करून आला.

गेल्या शुक्रवारी चहाच्या वेळी सलीमभाईंचा फोन वाजला. व्हिडिओवर सावंतकाकू.

"सलीम, आता नळ गळतोय रे. बघ जरा."

त्यांनी फोन नळाजवळ धरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. नळ कोरडा ठणठणीत!

सलीमभाईंनी नीट निरखून बघितलं.

"हो काकू, गळतोय खरा. उद्या पुन्हा दाखवा."