शेजाऱ्याच्या गावची पाई

“खरं सांग! अरे, खरं सांग त्यांना! ग्रीन कार्ड अडकलंय आपलं आणि तू कुत्र्यापुढं गोष्टी रचतोयस!”

डेट्रॉइटच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी, माझी बायको ओरडत होती. मराठीत ओरडलं की ते कुजबुजल्यात जमा होतं, अशी तिची दहा वर्षांच्या अमेरिकेनंतरही ठाम समजूत आहे. आजूबाजूचे दोन-अडीचशे लोक वळून बघत होते. माझी आई ट्रॉलीवर बसून पायातला मोजा सारखा करत होती. आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीला नाक लावून सशाएवढ्या कुत्र्यानं बैठक मारली होती. त्याच्या दोरीचं दुसरं टोक एका साडेसहा फुटी अधिकाऱ्याच्या हातात होतं.

“पिशवीत काय आहे?” त्यानं विचारलं.

“बेकरीचा माल,” मी म्हणालो. हे शंभर टक्के खोटं नव्हतं. वरचं कवच बेकरीचंच होतं. आत काय आहे ते फक्त कुत्र्याला कळलं होतं.

आता ही पाई काय भानगड, ते सांगतो.

डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये आम्ही राहतो. तिथं आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. ब्याऐंशी वर्षांचे, एकटे. विशीत इंग्लंडहून मिशिगनला आले, मोटारींच्या कारखान्यात जन्म काढला. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की तीन दिवस आम्ही शेजाऱ्यांचं घर समजून टेकडीकडे बघून हात हलवत होतो. शेवटी मी केर भरायचं सुपलं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला उतरलो. आजोबांनी खिडकीतून पाहिलं, त्यांचं बर्फ उडवायचं मशीन ढकलत आले आणि वीस मिनिटांत आमचं अंगण मोकळं करून परत गेले. तेव्हापासून दहा हिवाळे हेच. आभार मानायला गेलं की “हम्” म्हणतात. दिवाळीचा फराळ दिला की “हम्” म्हणतात. चकलीला मात्र दोनदा “हम्” म्हणाले होते, ते आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

दहा वर्षांत या माणसानं आमच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. यंदा आम्ही आईला आणायला कोल्हापूरला निघालो होतो आणि येताना लंडनला दोन दिवस थांबणार होतो. मी कुंपणावरून सहज बोललो, तर आजोबांनी गवत कापायचं मशीन बंद केलं.

“तिथून माझं गाव जवळ आहे,” ते म्हणाले. “बाजाराचं गाव. चर्चच्या मागं पाईचं दुकान आहे. जमलं तर एक आण.”

आणि मग ते पंधरा मिनिटं बोलले! दुकानाच्या काचेत तीन फळ्या कशा होत्या, मोठ्या पाई खालच्या फळीवर, लहान वरच्या. सकाळी काचेवर वाफ धरायची ती मालक फडक्यानं पुसायचा. हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगितलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मी तिथंच ठरवून टाकलं, म्हाताऱ्याला मरायच्या आधी लहानपणीची चव चाखायची आहे, आणि ती मीच चाखवणार. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणात, मी हे सांगितलं तेव्हा आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असंही सांगितलं. खरं म्हणजे त्यांना शिंक आली होती.

तर लंडनहून दोन गाड्या बदलून आम्ही त्या गावी गेलो. मंगळवार, बाजाराचा दिवस. गाव इतकं जुनं की तिथली घरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती. मधल्या चौकात ताडपत्र्या ठोकून बाजार मांडलेला. कोबी, अंडी, मध, निळ्या शिरांचं चीज, आणि एका कोपऱ्यात तोंडानं लिलाव पुकारणारा असा एक माणूस की आई म्हणाली, “हा आमच्या गुळाच्या सौद्यात उभा केला तर भाव दुप्पट करंल.” चीज करताना उरलेलं पाणी पूर्वी डुकरांना पाजत, डुकरं गुबगुबीत होत आणि त्यांच्या पाई होत, असा त्या गावाचा सगळा कारभार. पाई म्हणजे कणकेचा उभा डबा, वर झाकण, आत डुकराचं मटण. दुकानापुढं रांग एवढी लांब की शेवटचा माणूस पुढच्या गावाला घरपट्टी भरत असावा.

आतमध्ये एक बाई लाकडी ठोकळ्याभोवती कणीक चढवत होती. आईनं रांग सोडली. शुद्ध कोल्हापुरीत तिनं काचेपलीकडून विचारलं, “मोहन गरम घालतासा का गार?” आणि हातानं ओतण्याची खूण केली. बाईनं उकळत्या पाण्याचं भांडं उचलून दाखवलं. आईनं मान डोलावली. पुढची पंचवीस मिनिटं त्या दोघींचं एकाही समान शब्दाशिवाय जे काही चाललं होतं, तसं संभाषण माझ्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये आजवर झालेलं नाही. बाईनं आईला लाडानं “बदका” म्हटलं. तिकडं सगळ्यांनाच म्हणतात. मी अर्थ सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणू दे. हात चांगला हाय तिचा.”

दुकान तेच होतं, काच तीच, फळ्या तीन. सगळ्यात मोठी पाई घेतली, कपड्यात गुंडाळली, आणि सात समुद्र ओलांडून आलो ते थेट त्या कुत्र्यापुढं.

अधिकाऱ्यानं पाई बाहेर काढली. बायको एव्हाना सगळ्यांचे पासपोर्ट पत्त्यांसारखे पसरून उभी होती आणि न विचारताच आईच्या मेतकुटापासून लोणच्यापर्यंत सगळं कबूल करत होती. मेतकूट सोडलं. लोणचं सोडलं. पाई धरली.

“मांस आहे. आणता येत नाही.”

मी त्याला आजोबा सांगितले, दहा हिवाळे सांगितले. बर्फाची उंची माझ्या कमरेपासून सुरू झाली आणि सांगता सांगता छपरापर्यंत गेली. तो मन लावून ऐकत होता. कुत्रंसुद्धा ऐकत होतं. मग त्यानं पाई पिवळ्या डब्यात टाकली.

“टाकली?” आई ट्रॉलीवरून उठली. “अन्न टाकलं? त्याला म्हणावं, टाकू नको. हितंच बसून खातो आम्ही, धा मिंटं थांब.”

तो थांबला नाही.

घरापर्यंतच्या वाटेत मी सात गोष्टी रचल्या. दुकान जळलं. डुकरं संपावर गेली. विमानात चोरी झाली. एकेक गोष्ट अशी झाली होती की म्हातारा पाई विसरून टाळ्या वाजवेल. गाडी वळली तर आजोबा त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट. आणि गळ्यात टाय.

सातही गोष्टी गाडीतच राहिल्या. मी खाली उतरलो आणि म्हणालो, “विमानतळावर काढून घेतली.”

आजोबा “हम्” म्हणाले. उठले, खुर्ची मिटली. पण मिटताना त्यांना ती दोनदा मिटावी लागली.

आईनं हे गाडीतून पाहिलं. काच खाली करून ओरडली, “त्येंना सांग, उद्या पाच वाजता जेवायला या. पाई करते मी.”

“आई, तुला येते का ती?”

“काल बघितली न्हवं का?”

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात युद्ध झालं. आईनं आयुष्यात डुकराच्या मटणाला हात लावला नव्हता, म्हणून बोकडाचं आलं. चरबीऐवजी तूप. लाकडी ठोकळ्याऐवजी लोणच्याची काचेची बरणी. पहिली पाई बरणी काढताच गुडघ्यात बसली. दुसरी ओव्हनमध्ये फुटली आणि रस्सा असा उसळला की स्मोक अलार्म, बायको आणि मी, तिघंही एका सुरात ओरडलो. तिसरी उभी राहिली. जराशी डावीकडं कललेली, पण त्या गावची घरं तरी कुठं सरळ होती?

“मसाला जरा कमी घाल,” बायको म्हणाली.

“घातलाच न्हाई,” आई म्हणाली. मी तिच्या हातातला डबा पाहिला होता. चमचाभर कांदा-लसूण मसाला तिनं पाठ वळवून घातला होता.

पाच वाजता आजोबा आले. टाय होता. आईनं पाई मधोमध कापून अर्धी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं श्वास धरून. दुसरा घास. कपाळावर घाम आला. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, तो त्यांनी बाजूला केला. अर्धी संपली, उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच ओढून घेतली, आणि शेवटी ताटातला चुरा बोटानं टिपून खाल्ला.

“विचार की रं,” आईनं मला ढोसलं. “तशी झालीया का?”

मी विचारलं. आजोबांनी आईकडं पाहिलं आणि म्हणाले, “अगदी तशीच.”

आईनं त्या संध्याकाळी कोल्हापूरला चार फोन केले. चौथ्या फोनपर्यंत पाई पाच जणांना पुरून उरली होती. खोटं बोलायचं आमच्या घरात कुणाकडून आलंय, ते तुम्हाला कळलंच असेल.

मला मात्र झोप येईना. बोकड, तूप, कांदा-लसूण मसाला. अगदी तशीच कशी होईल? सकाळी आजोबा कचऱ्याचा डबा आत घेत होते तेव्हा मी कुंपणापाशी गेलो.

“आजोबा, आता आई नाही इथं. खरं सांगा. तुमच्या गावच्या चवीच्या किती जवळ होती?”

त्यांनी डब्याचं झाकण बसवलं.

“काय माहीत,” ते म्हणाले. “मी नुसती काचेतून बघितलेली.”